तोफेचं मौन

पुढाऱ्याचा घसाही चारचौघांच्या घशासारखाच असतो, फक्त जरा जास्त सुजलेला. डॉक्टरीणबाईंनी सबंध गावाला शिव्यांनी भाजून काढणाऱ्या त्या माणसाची जीभ कापडाच्या तुकड्यात धरून बाहेर ओढली, छोटा आरसा आत घातला आणि म्हणाल्या, "ई म्हणा." ई काही निघाली नाही, नुसती हवा निघाली. तीही शिळी, वर पेपरमिंट मारलेली. स्वरतंतूंवर दोन्हीकडे गाठी आल्या होत्या. लोक त्याला तोफ म्हणत. इथे खुर्चीत तोफ ओकाऱ्या काढत डोळे पुसत होती.

"इतकं ओरडल्यावर दुसरं काय होणार?" बाई म्हणाल्या. "समोरच्या उमेदवाराला ऊठसूट चोर म्हणता. खरंच चोर आहे का तो?"

"छे हो," तो कुजबुजला. अगदी गरीब गाय. "देवमाणूस आहे. माझे वडील आजारी होते तेव्हा त्यांच्या उशाशी बसायचा. पण देवमाणसासाठी शिट्ट्या कोण मारणार, मॅडम? लोकांना चोर लागतो. मी देतो."

हे सांगताना त्याला जराशी लाज वाटली असती, तरी बाईंनी सोडून दिलं असतं. पण तो टिश्यूत खाकरून थुंकला आणि टिश्यूचा गोळा त्यांच्याच टेबलावर ठेवला.

त्या समोरच्याचं नाव गावानं थंडोबा ठेवलं होतं. बाईंच्या गल्लीतलं कायम तुंबणारं गटार त्यानं गाजावाजा न करता दुरुस्त करून घेतलं होतं. त्याच्या सभेत बाईंनाही डुलकी लागली होती, नाही असं नाही. पण डुलकी लागली म्हणून का कोणी मत बदलतं? मत त्यालाच, हे त्यांचं ठरलेलं होतं. त्यांच्या चिरंजिवांचं मात्र उलटं. कॉलेजला दांडी मारून स्वारी तोफेच्या मागे हिंडायची. "असल्या पिळपिळीत माणसाला कोण विचारतो गं?" हे रोज जेवताना. नुकताच कोणाचा तरी दात पाडून आला होता आणि बक्षीस मिळाल्यासारखा सांगत होता. आता पुढे हा काय करून येणार, याची बाईंना धास्ती होती.

म्हणून त्यांनी एक केलं. आठवडाभर गप्प बसणं पुरलं असतं. त्यांनी ते मतदानापर्यंत ताणलं. "एक शब्द नाही. कुजबूजसुद्धा नाही. नाहीतर आवाज कायमचा जाईल." तोफेनं मुकाट मान डोलावली. त्याचं तोंड बंद झालं की गाव निवळेल आणि पोरगं घरी बसेल, असा त्यांचा सरळ हिशेब होता. घशाबाहेरचं त्यांना काही कळत नव्हतं, दुसरं काय!

आठवड्यानं मोठी सभा झाली. तो गळ्याला पांढरी पट्टी गुंडाळून आला. पट्टी बाईंनी दिली नव्हती. माइकपुढे उभा राहून त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. गळ्यावर बोट ठेवलं, तेच बोट थंडोबाच्या घराकडे रोखलं आणि ढसाढसा रडला. टीव्हीसमोर बसलेल्या बाईंना शिसारी आली. शेजारच्या कार्यकर्त्यानं माइक हिसकावला. "साहेबांना विष घातलं!" अख्खं मैदान उठलं.

दिवेलागणीला मुलगा आला तो शर्ट फाटलेला, हात रक्तानं माखलेला. बाईंनी त्याचा हात नळाखाली धरला. जखम एवढीशी होती.

"रक्त कोणाचं?"

"थंडोबाचं. दार उघडून म्हणतो काय, 'आत या, बसून बोलू.' आम्हाला! हसू आवरेना. मीच डोक्यात वीट घातली."

"शुद्धीवर आहे ना तो?"

"काय माहीत. पडला होता."

बाईंनी नळ बंद केला. रुग्णाचं गुपित आजवर त्यांनी कधी फोडलं नव्हतं. आता फोडलं. "अरे, विष नाही रे, ओरडून ओरडून गाठी झाल्यात. मी बघितल्यात. मीच त्याला गप्प बसवलंय."

"थंडोबाच्या लोकांनी तुलाही फितवलं वाटतं?"

बाईंनी तोफेला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. पलीकडून खणखणीत आवाज आला, "बोला मॅडम! तुमचे उपकार कसे फेडू? आवाज परत आला. पण बोलणार नाही हं, मतदानापर्यंत मौन! बोलून जे जमलं नसतं ते गप्प राहून जमलं. आणि त्या बिचाऱ्याला फार लागलं नाही ना? भला माणूस आहे."

फोन ठेवून बाईंनी मुलाकडे पाहिलं. आता तरी तोंड काळंठिक्कर पडेल, असं त्यांना वाटलं. पण तोंड उजळलं होतं.

"म्हणजे सगळं नाटक?" तो म्हणाला. "आई शप्पथ, काय डोकं आहे साहेबांचं! आणि आवाज ऐकलास? पहिल्यासारखा!"

त्यानं टाळीसाठी तो ओला हात पुढे केला. या हाताला धरून चालायला आपण शिकवलं, हे बाईंना आठवलं. त्यांनी फोन पुन्हा उचलला, आतल्या खोलीत जाऊन आधी अँब्युलन्सला थंडोबाच्या घराचा पत्ता दिला. मग पोलिस चौकीला स्वतःच्या घराचा दिला.

"कोणाला लावलास?" मुलगा बाहेरून हसतच विचारत होता.