एकोणतीस नावं

पक्षात मला सगळे ‘कुलूप’ म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. पण आमच्या पक्षात पाठीमागचं बोलणं दहा मिनिटांत पुढे यायचं, त्यामुळे मला ते पहिल्यापासून ठाऊक होतं. राग येत नसे. खरं सांगायचं तर आवडायचं. आता त्या आवडण्याची लाज वाटते.

मी पक्षाचा पंच होतो. काम एकच. पक्षप्रमुखावर ज्या सदस्याचा विश्वास उरला नाही त्याने स्वतःच्या हाताने पत्र लिहायचं आणि स्वतः येऊन माझ्याकडे द्यायचं. मी सही बघायची, पत्र कपाटात ठेवायचं आणि गप्प बसायचं. कुणी दिलं, किती झाली, एक अक्षर बोलायचं नाही. सभागृहात आमचे एकशे अठरा सदस्य. तीस पत्रं झाली की त्याच दिवशी प्रमुखाला जाऊन सांगायचं आणि तीन दिवसांत मतदान. तीस होईपर्यंत ज्याचं त्याला पत्र परत नेता येतं, तीस झाल्यावर नाही. पंच हाही सदस्यच असतो, त्यामुळे मनात आलं तर त्यालाही पत्र लिहायची मुभा.

आणि पक्षप्रमुख, म्हणजे सरकारचेही प्रमुख, कोण, तर माझे भावजी. माझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीचा नवरा. तरुणपणी शाळेत शिकवायचे म्हणून सगळा पक्ष त्यांना मास्तर म्हणायचा. असल्या नात्यातला माणूस पंच कसा, असं कुणी विचारलं की मास्तरच म्हणायचे, “त्याच्या पोटातलं बाहेर काढून दाखवा, मग बोला.”

सरकार तेव्हा कसंबसं तगून होतं. तीन पोटनिवडणुका हातच्या गेल्या होत्या. बसचं भाडं वाढलं होतं, दवाखाने बंद पडत होते, आणि मंत्री विरोधकांना सोडून एकमेकांच्या उखाळ्यापाखाळ्या काढत बसले होते. अर्थमंत्र्यांचा तर मास्तरांच्या खुर्चीवर उघड डोळा होता. या सगळ्यात मास्तरांनी एक घोडचूक केली. दार लावून घेतलं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत अधिकाऱ्यांच्या बैठका, आणि आपली माणसं बाहेर बाकावर ताटकळत.

पहिली आठ पत्रं अर्थमंत्र्यांच्या माणसांची आली. त्यात नवल नव्हतं. नववं घेऊन आला तो बंदराकडचा सदस्य, मास्तरांच्या वर्गात शिकलेला, त्यांनीच राजकारणात आणलेला. मी सही बघितली आणि चष्मा काढून परत बघितली.

“अहो, खरं नाही हे,” तो म्हणाला. “नुसता धाक. मास्तर भेटतच नाहीत. पत्रं जमायला लागली असं कानावर गेलं की दार उघडतील. मग मी येतो आणि माझं घेऊन जातो.”

पुढच्या आठवड्यात दुसरा आला. तोही मास्तरांचाच, आणि बोलणंही शब्दाला शब्द तेच. मग तिसरा, चौथा. प्रत्येकाला वाटायचं, ही अक्कल आपल्या एकट्यालाच सुचली. मला एकेकाला धरून गदागदा हलवावंसं वाटायचं. अरे शहाण्यांनो, तुमच्या मागे रांग लागली आहे, कुणाच्या गळ्याशी येणार आहे हे कळतंय का? पण पंचाने हेही बोलायचं नसतं. मी फक्त “ठीक आहे” म्हणायचो आणि कपाट लावायचो. ते परत न्यायला काही येईनात, कारण मास्तरांचं दार काही उघडेना.

रविवारी दुपारी मी ताईकडे जेवायला असायचो. ताईने एकदा वाढता वाढता हात थांबवला. “हे रात्र रात्र जागे असतात रे,” ती म्हणाली. “तुला काही माहीत असेल तर सांग. तू माझा भाऊ आधी की त्यांचा पंच आधी?”

मी ताटात बघत राहिलो. मास्तरच म्हणाले, “त्याला कोंडीत धरू नकोस. त्याने नियम मोडला तर मीच त्याला घरी बसवीन.” त्या बोलण्याने माझी छाती फुगली. निघताना दारात मी मास्तरांना एवढंच म्हटलं, “लोकांना भेटत जा थोडं.” ते म्हणाले, “भेटतोच की.” झालं. एकदा बोललो आणि कर्तव्य केल्यासारखा जिना उतरलो. तेच वाक्य मी चार वेळा, ओरडून, टेबलावर हात आपटून म्हणू शकलो असतो. एरवी माझा आवाज केवढा चढतो हे सगळ्यांना माहीत आहे. त्याने कुठलाही नियम मोडला नसता.

तिसावं पत्र डॉक्टरीणबाई घेऊन आल्या. त्यांच्या गावचं बाळंतपणाचं इस्पितळ बंद व्हायचं होतं, आणि त्यासाठी त्या तीन दिवस मास्तरांच्या दाराबाहेर बसून होत्या. सकाळचे अकरा वाजले असतील. त्यांचे डोळे लाल होते.

“मास्तरांना मी भाऊ मानते,” त्या म्हणाल्या. “पण आता त्यांना जरा टोचल्याशिवाय कळणार नाही. दोन दिवसांनी परत घेईन.”

बाई, उद्या या, हे शब्द अगदी ओठांवर आले होते. बसा, चहा घ्या, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण पंचाने कुणाला परावृत्त करू नये, असं नियमात स्पष्ट होतं, आणि मी नियमाचा पक्का. मी हात पुढे केला. पत्र घेतलं, सही बघितली आणि म्हणालो, “बाई, हे आता परत मिळणार नाही.” त्यांना कळायला थोडा वेळ लागला. मग त्या समोरच्या खुर्चीवर मटकन बसल्या.

मास्तरांच्या खोलीत मी त्या दिवशी महिन्याभराने गेलो. ते फायलीत डोकं घालून होते. मी उभ्या उभ्या म्हणालो, “तीस झाली.”

त्यांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, “नावं विचारत नाही. एकच सांग. माझ्या अगदी जवळचं कुणी आहे त्यात?”

माझ्या डोळ्यांपुढे डॉक्टरीणबाई आल्या, बंदरवाला आला. मी मान खाली घातली. बोललो असतो तर काय झालं असतं? पंचपद गेलं असतं, दुसरं काय? पण मी कुलूप. बोललो नाही.

“कळलं,” मास्तर म्हणाले. “मग मतदान कशाला?”

तासाभरात त्यांनी राजीनामा दिला. मतदान झालं असतं तर ते सहज जिंकले असते. तिसातली बावीस माणसं त्यांच्यासाठी जीव टाकणारी होती. ती सगळी त्या दुपारी माझ्या दाराशी आली, एकमेकांना बघून चपापली, आणि भिंतीला टेकून उभी राहिली. काही जण रडले. संध्याकाळी मी दोन साक्षीदारांसमोर पत्रं यंत्रात घालून त्यांचा चुरा केला. तोही नियमच होता.

अर्थमंत्री खुर्चीवर बसले आणि सात महिन्यांत सरकार कोसळलं. निवडणुकीत आमचा पार धुव्वा उडाला. मीही पडलो. मास्तरांचं हृदय तोवर थकलं होतं, दोन पायऱ्या चढल्या की धाप लागायची. पक्ष नाही, पद नाही, मग आता नियम तरी कुणासाठी पाळायचा, असं मनाशी म्हणत एका दुपारी मी त्यांच्याकडे गेलो. ताई औषधं आणायला बाहेर गेली होती. मास्तर खिडकीशी खुर्चीत बसले होते.

मी सगळं सांगून टाकलं. धाक म्हणून दिलेली पत्रं, बंद दार, बाकावर बसलेल्या डॉक्टरीणबाई. “ती तुमचीच माणसं होती, भावजी. तुम्ही जायला त्यांना नकोच होतं.”

“नावं सांग,” ते म्हणाले.

मी एकेक नाव घेत गेलो. ते बोटांच्या पेरांवर मोजत होते. मी थांबलो तेव्हा त्यांचा अंगठाही थांबला.

“एकोणतीस झाली,” ते म्हणाले.

मी पुन्हा सुरुवात केली. पुन्हा एकोणतीस. एक नाव काही केल्या आठवेना.

मास्तर हलकेच हसले. “राहू दे रे. तिसावं नाव कुणाचं ते मला त्याच दिवशी कळलं होतं. मी विचारलं, आणि तू मान खाली घातलीस.”

मला आधी उमगलंच नाही. मग मी ताडकन उठलो. “माझं? भावजी, मी पत्र दिलं नव्हतं. ताईची शपथ.”

“तिची शपथ नको. तिला मी बोललेलो नाही काही. म्हटलं, नवऱ्याची खुर्ची गेली तर गेली, तिचा भाऊ कशाला जायला हवा?” ते खिडकीबाहेर बघू लागले. “त्या एकोणतिसांशी मी लढलो असतो. तुझ्याशी लढायचं जिवावर आलं.”

मी त्यांचे हात धरले. काय काय बोललो ते आता आठवत नाही. ते “हो, हो” म्हणत राहिले, शाळेत गृहपाठ घरी विसरला म्हणणाऱ्या पोराला म्हणत असतील तसं. तेवढ्यात ताई आली. मास्तर तिला म्हणाले, “याला चहा टाक. उन्हातून आलाय बिचारा.”

दोन दिवसांनी वर्तमानपत्र चाळताना ते नाव मला आठवलं. शेवटच्या बाकावरचा एक मुखदुर्बळ सदस्य, दोन वर्षांत सभागृहात एकदाही न बोललेला. मी तसाच उठून फोन लावला. मास्तरांनी नाव ऐकून घेतलं.

“बरं झालं आठवलं,” ते म्हणाले. “आता डोक्याला त्रास करून घेऊ नकोस. रविवारी जेवायला ये.”

मी दर रविवारी जातो. ते ताईला मला आग्रहाने वाढायला लावतात, माझ्या गुडघ्याची चौकशी करतात, ताईसमोर माझं कौतुक करतात. त्यांनी मला मनापासून माफ केलं आहे. मी जे केलंच नाही, त्याबद्दल.