संपाच्या घरातलं वाचन

गोजराने माडी झाडून सतरंज्या अंथरल्या तेव्हा तिला वाटलं होतं, आज घराचं नाव निघणार. खाडीकाठच्या त्या गावात त्यांच्या घराला ‘संपाचं घर’ म्हणत. मिठागरातल्या मजुरांच्या संपाच्या बैठका याच माडीवर भरल्या होत्या, आणि त्या भरवणारा तिचा आता हयात नसलेला सासरा. त्र्याऐंशी सालच्या त्या रविवारी दुपारी वाशीच्या नव्या सोसायट्यांमधली मंडळी मुद्दाम इथे कथा ऐकायला आली होती. कथा त्याच संपाची. लिहिणारा नंदकिशोर वाशीचा शाळामास्तर. पावसाळाभर तो सासूबाईंशी बोलायला येत होता.

सुरुवातीला माना डोलल्या. मग कथेत डाव्या पायाने लंगडणारा पुढारी आला आणि चहाचं तबक घेऊन निघालेली गोजरा जागीच थांबली. नाव बदललेलं होतं, पण सासरे लंगडत हे अख्ख्या गावाला ठाऊक.

“त्या रात्री तो मुकादमाकडे गेला,” नंदकिशोर वाचत होता, “आणि जोडीदार कुठे लपलेत ते सांगून आला.”

पुढे बसलेल्या, गावातल्याच देवजीची पाठ ताठ झाली. त्याचा बाप त्याच संपात पकडला गेला होता, तुरुंगातून खंगून परतला होता. गोजराने नवऱ्याकडे पाहिलं. दाराशी उभ्या धर्मराजच्या कपाळाची शीर तटतटली होती. एकदा हात उचलला की तो कुणाचं ऐकत नसे.

“ए मास्तर! कोनी सांगितला तुला हा?” धर्मराज ओरडला.

“अहो, कथा आहे ती,” वाशीकरांतलं कुणीतरी म्हणालं.

धर्मराज बसलेल्यांना ओलांडत पुढे निघाला. गोजरा आडवी आली. त्याने तिला बाजूला सारलं, तबकातले कप खळखळले.

“मीनी सांगितला.”

भिंतीला टेकलेली सासू, सखूबाई, बोलली होती. “मीनीच. तू खाली बस, धर्मा. मास्तर, पुढं वाच. अर्धा ऐकून कोनी जायाचा नाय.”

धर्मराज बसला नाही, पण थांबला. नंदकिशोर पुढे वाचू लागला. पुढाऱ्याचं तान्हं पोर तापाने फणफणलेलं. मुंबईच्या इस्पितळात न्यायला होडी फक्त मुकादमाकडे. त्याने होडी दिली, पण आधी नावं मागितली. पोर जगलं.

सखूबाईला एकच मूल होतं. गोजराला नवऱ्याच्या तोंडाकडे पाहवेना.

कथा संपली. टाळ्या वाजवाव्यात की नाही, कुणाला कळेना. देवजी उठला आणि चहाला हात न लावता जिना उतरला. त्याच्या मागोमाग धर्मराज, अनवाणीच.

आता मारामारी होणार म्हणून गोजरा खिडकीकडे धावली. देवजी बांधावरून झपझप चालला होता, धर्मराज हाक न मारता मागे. देवजी एकदा वळला. बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिला. ये म्हणाला नाही, जा असंही म्हणाला नाही. मग तो पुन्हा चालू लागला, आणि धर्मराज त्याच्या मागून गेला.