उशीपाशी पन्नास

सोमवारी सकाळी अंगणात होतं ते असं: सात कोंबड्या, एक कोंबडा, दोन अंडी, त्यातलं एक तडकलेलं, पाण्याचं आडवं पडलेलं पत्र्याचं भांडं, आणि कुंपणापलीकडे गाऊनवर स्वेटर चढवून उभी असलेली शेजारीण. ही मोजदाद धाकटीची. ती सहा वर्षांची होती आणि दिसेल ते मोजायची. शेजारणीलाही तिनं सोडलं नाही.

"माणूस, एक," ती म्हणाली. "रागावलेलं."

"रागावलेली नाही गं बाई," शेजारीण म्हणाली. "झोपेत आहे. झोपेतच चालत आले इथवर."

शेजारीण नर्स होती आणि कायम रात्रपाळी करायची. मुली तिला मावशी म्हणत. कोंबड्या आणल्या तेव्हा खुराड्याच्या जाळीला पहिले खिळे तिनंच धरून दिले होते आणि आठवड्याला सहा अंडी हक्कानं नेत होती. तक्रार करायची सवय नसल्यामुळे ती आता कुंपणाच्या तारेशी चाळा करत उभी होती.

"तुमच्या हेडमास्तरांचं काय करायचं, सांगा," ती शेवटी बाबांना म्हणाली.

हेडमास्तर म्हणजे कोंबडा. पोल्ट्रीवाल्यानं आठही पिल्लं माद्या म्हणून दिली होती. त्यातल्या एकाच्या डोक्यावर तुरा वाढत गेला आणि एका सकाळी ते पिल्लू कुंपणाच्या खांबावर चढून असं काही आरवलं, की स्वयंपाकघरात बाबांच्या हातून चहा सांडला. या घरातल्या मुली शाळेत जात नसत. जेवणाचं टेबल हाच वर्ग आणि बाबा हेच मास्तर. घंटा मात्र नव्हती, ती आता झाली. तेव्हापासून हेडमास्तर.

"रात्रभर वॉर्डात उभी असते," शेजारीण सांगत होती. "घरी येऊन आडवी होते, डोळा लागतो न लागतो तोच हे सुरू. परवा एका पेशंटच्या गोळ्या दुसऱ्याच्या ट्रेमध्ये ठेवल्या मी. वेळेत लक्षात आलं म्हणून बरं."

यावर कुठल्याही शहाण्या शेजाऱ्यानं म्हटलं असतं, की माफ करा, बघतो काहीतरी. पण बाबांनी अनेक वर्षं एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत मोजमापाची यंत्रं तपासण्याचं काम केलं होतं. मोठी मुलगी शाळेत वर्षभर एक अक्षर बोलली नाही, तेव्हा ते काम सोडून ते घरी बसले. प्रयोगशाळा मात्र डोक्यातून गेली नव्हती.

"आपण मोजू," बाबा म्हणाले. "आवाज मोजायचं यंत्र आहे माझ्याकडे. तुमच्या उशीपाशी पन्नास डेसिबलच्या वर गेला, तर कोंबडा जाईल. पन्नासच्या आत आला, तर राहील. रविवारपर्यंत मुदत द्या."

"मला आकडा कळत नाही हो. मला झोप कळते."

"मग झोपेचाच आकडा काढू."

पन्नास हा आकडा तोंडून कसा निघाला ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही. गोल होता, बरा वाटला, निघाला.

स्वयंपाकघराच्या दारात मोठी उभी होती. व्हायोलिन अजून हनुवटीखालीच होतं, पण गज खाली आला होता. तिनं सगळं ऐकलं होतं.

"जाईल म्हणजे कुठे?" तिनं विचारलं.

बाबांनी पोल्ट्रीवाल्याला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. त्या घरात प्रश्नाचं उत्तर जिथं असेल तिथून घ्यायची पद्धत होती. पोल्ट्रीवाला मनमोकळा माणूस. "कोंबडा पाळायला कोण घेतो, साहेब? मी घेऊन जाईन की. पण कशाला घेतो, ते पोरींना ऐकवू नका."

पोरींनी ऐकलं होतं.

घरातले नियम दोनच होते. आठवड्याला एक विषय आणि सगळे धडे त्यातूनच, हा पहिला. बाबांनी उत्तर आधी सांगायचं नाही, मुलींनी मोजून काढायचं, हा दुसरा. त्या आठवड्याचा विषय ठरवावा लागलाच नाही. आवाज.

पहिलं माप घ्यायचं तर कोंबडा हवा तेव्हा आरवला पाहिजे. ती सोय मोठीकडे होती. व्हायोलिनची सगळ्यात वरची तार छेडली, की हेडमास्तर जागच्या जागी ताठ होऊन उत्तर द्यायचा. हे तिला सूर लावताना कळलं होतं. मग तिनं आपल्या प्रत्येक धूनमध्ये त्याच्यासाठी एक जागा रिकामी सोडायला सुरुवात केली. ती थांबायची, तो आरवायचा, ती पुढे वाजवायची. शाळेत एक शब्द न बोललेली ही मुलगी खुराड्यापाशी बसून एका कोंबड्याला, "चुकलास, लवकर आलास," असं तासन्‌तास समजावत असे, आणि बाबा खिडकीच्या आडून ते ऐकत राहत.

"मावशी झोपते तशीच खोली हवी," मोठी म्हणाली. "नाहीतर मापाला अर्थ नाही."

बरोबर होतं. शेजारणीनं खिडकी बंद केली, पडदे ओढले आणि उशाशी स्टुलावर ठेवलेला जुना पंखा चालू केला. "हिवाळा असो की काही, या घरघरीशिवाय मला झोप येत नाही," ती जराशी ओशाळून म्हणाली. बाबांनी यंत्र उशीवर ठेवलं. अंगणातून वरची तार वाजली, थांबली, आणि हेडमास्तर आरवला.

त्रेसष्ट.

तिथंच, शेजारणीच्या पलंगाच्या कडेला बसून बाबांनी मनात हिशेब केला. खुराडं अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला नेलं तर पाच-सहा कमी होतील. लाकूड, गाद्या, रबर लावून आणखी चार-पाच. त्यापुढे काही नाही. अंगण वाढत नाही आणि कोंबडा हळू आरवत नाही. उत्तर त्यांना त्याच सकाळी मिळालं होतं. दुसऱ्या नियमाप्रमाणे ते सांगायचं नव्हतं.

"किती?" कुंपणापलीकडून मोठी ओरडली.

"त्रेसष्ट. सुरुवात म्हणून ठीक आहे," बाबा म्हणाले, आणि खोटं न बोलताही खोटं बोलता येतं हे त्यांना जाणवलं.

मंगळवारचा गणिताचा धडा म्हणजे खुराडं हलवणं. अंतर दुप्पट झालं की आवाज किती पडतो, ते मोठीनं दोरी धरून, वाजवून, मोजून स्वतः शोधलं. अठ्ठावन्न आले. धाकटी अंगणभर नाचली. "आता फक्त आठ! आठ म्हणजे काहीच नाही. मला आठ वर्षं व्हायलासुद्धा दोनच राहिलीत."

बुधवारी धाकटीची कल्पना. साठवलेले अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे तिनं दिवसभर बसून खुराड्याला आतून चिकटवले. डिंक केसात गेला, एका कोंबडीच्या पाठीला ट्रेचा तुकडा चिकटला. पुठ्ठ्यानं आवाज अडत नाही, हे बाबांना पक्कं माहीत होतं. ते तिला डिंक पुढे करत राहिले. संध्याकाळी माप घेतलं: अठ्ठावन्न.

धाकटीचा चेहरा पडला. मग ती ट्रेकडे बोट दाखवून म्हणाली, "अंड्यांचेच आहेत ना शेवटी. त्याच्याच पार्टीचे."

गुरुवारी जुनं दार, माळ्यावरची गादी आणि सायकलच्या फाटक्या ट्यूबचं रबर. मोठीनं हेडमास्तरासाठी वेगळा कप्पा केला. पोल्ट्रीवाल्यानं फोनवर एक युक्ती सुचवली होती: छत इतकं खाली घ्यायचं, की मानच वर करता येणार नाही; मान ताणल्याशिवाय कोंबडा आरवत नाही. मोठीनं कप्प्यात हात घालून उंची पाहिली आणि फळी होती तिथंच ठेवली. "मान खाली घालून राहायचं, तर मग राहायचं कशाला?" एवढंच ती म्हणाली. शाळेतलं ते वर्ष बाबांच्या डोळ्यांपुढे आलं आणि त्यांनी हातोडी उचलून दुसरीकडे खिळा मारला.

चौपन्न.

त्या संध्याकाळी आई घरी आली. ती दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या बनवायची. तिच्या भाषेत, हे घर दुसऱ्यांच्या दातांवर चालायचं. तिनं अंगणातलं गादी गुंडाळलेलं खुराडं पाहिलं आणि भाजी चिरत असलेल्या बाबांशेजारी येऊन उभी राहिली.

"पाहुण्यांची गादी आहे ती."

"होती."

"आकडा अजून उतरेल?"

बाबांनी नकारार्थी मान हलवली.

"तुला हे कधीपासून माहीत आहे?"

"सोमवारपासून."

आईनं त्यांच्या हातातली सुरी काढून घेतली आणि कांदा स्वतः चिरू लागली. "पन्नास. साठ म्हणाला असतास तर काय बिघडलं असतं? बाजारात भाव तरी बरा करतोस."

शुक्रवारी मात्र सुटकेचा मार्ग आपल्या पायांनी चालत आला. शेजारीण कुंपणाशी आली, चेहरा कित्येक दिवसांनी उजळलेला. "राहू द्या तुमचं मोजमाप," ती म्हणाली. "दोन दिवस झोपले मी. मस्त झोपले. आरवतो, पण आता लांबून कुणीतरी हाक मारल्यासारखं वाटतं. त्रास नाही."

बाबांना हायसं वाटलं. इतकं, की कुंपणाचा खांब धरावा लागला. "बघ," ते मोठीकडे वळून म्हणाले, "मावशी काय म्हणतेय."

मोठीनं यंत्र दोन्ही हातांनी धरलं होतं. "पण चौपन्न आहे."

"अगं, मला चालतंय ना!" शेजारीण म्हणाली.

"पन्नास ठरलं होतं, मावशी."

"ते तुझ्या बापानं ठरवलं. मी कुठं ठरवलं?"

"मग बाबांनी बदलावं," मोठी म्हणाली आणि वडिलांकडे पाहत राहिली. त्या नजरेत हट्ट नव्हता. ती खरंच वाट पाहत होती.

बाबांनी तोंड उघडलं. मागच्या वर्षी हिच्या वाटाण्याच्या रोपांचा प्रयोग फसला होता. अंधारातलं रोप उजेडातल्यापेक्षा उंच निघालं आणि तिनं रडत रडत, जाड रोप जिंकलं असं ठरवूया म्हणून गळ घातली होती. तेव्हा तिच्या समोर बसून त्यांनी शांतपणे सांगितलं होतं, की आकडा आल्यावर नियम बदलला तर ते मोजणं नाही, ते मनाची समजूत घालणं आहे. ते वाक्य तिला आवडलं होतं. खडूनं कपाटाच्या दारावर लिहून ठेवलं होतं. अजून होतं.

"आपण... आपल्याला असं म्हणता येईल, की..." बाबांनी सुरुवात केली.

"रविवारपर्यंत मुदत आहे," मोठी त्यांना धीर दिल्यासारखी म्हणाली. "अजून करून बघते."

तिनं केलं. शनिवारी दाराच्या फटी मेणानं बुजवल्या, स्वतःचं पांघरूण आणून लावलं. ती सांगेल ते बाबा धरत, सांगेल ते कापत राहिले. रविवारी सकाळी तिनं शेवटचं माप घेतलं. वरची तार छेडण्याआधी ती थोडा वेळ गज नुसता हातात धरून उभी होती. कप्प्यातून उत्तर आलं, दबलेलं, पण वेळेवर. चुकला नाही तो.

चौपन्न.

"पुन्हा घेऊ?" शेजारणीच्या खिडकीतून बाबांनी विचारलं.

"तीनदा घेतलं, बाबा."

दुपारी पोल्ट्रीवाला टेम्पो घेऊन आला. बाबांनी त्याला बाजूला घेऊन म्हटलं, चार दिवस नुसता ठेवून घ्या, मी सांगतो मग. "साहेब, माझ्याकडे कोंबडे मुक्कामाला येत नाहीत," तो म्हणाला. "संध्याकाळी माल जातो." शेजारणीनं पडदा ओढून घेतला. मोठीनं हेडमास्तराला स्वतः उचललं, पंख दाबून धरले आणि पोल्ट्रीवाल्याच्या हातात दिलं. धाकटीनं मोजायला बोट वर केलं आणि खाली घेतलं.

टेम्पो वळला. बाबा रस्त्यावर उभे राहिले. पळत जाऊन थांबवता आला असता. कोपऱ्यावरचा सिग्नल लाल होता, बराच वेळ लाल होता.

सोमवारी सकाळी टेबलावर नवा विषय ठरवायचा असतो. कुणी काही सुचवलं नाही. व्हायोलिन पेटीत बंद होतं. धाकटी पावाचे तुकडे ताटलीत ओळीनं लावत होती. मोठीनं दुधाचा पेला अर्धा संपवला आणि खाली ठेवला.

"बाबा, प्रयोगशाळेत तुम्ही आधी काय करायचात? काहीच ठेवलेलं नसताना तराजू बघायचात ना?"

"हो," बाबा म्हणाले. आणि मग त्यांच्या हातातला चमचा थांबला.

"रिकाम्या अंगणाचं माप आपण घेतलंच नव्हतं."

तिनं यंत्र उचललं होतं.

शेजारीण नुकतीच ड्युटीवरून आली होती. तिनं काही न विचारता दार उघडलं, खिडकी लावली, पडदे ओढले, पंखा चालू केला आणि पलंगापासून दूर, भिंतीला टेकून उभी राहिली. बाहेर अंगणात धाकटी दोन्ही हातांनी तोंड दाबून पहारा देत होती. सातही कोंबड्या दूरच्या टोकाला गप्प माती उकरत होत्या. बाबा दारातच थांबले.

मोठीनं यंत्र उशीवर, रोजच्याच खळग्यात ठेवलं आणि हात मागे घेतला. उशाशी पंखा घरघरत होता. आकडा थोडा वर गेला, थोडा खाली आला, आणि ठरला. तिनं वाकून वाचला.

"बावन्न."