डब्यामागची पाटी

मी ग्राफिक्स कार्ड बोलतोय, कॉम्प्युटरच्या पडद्यावर चित्रं उमटवणारा, आणि गोड बोलणार नाही. नुसतं बसून बसून माझं अंग आंबलं होतं. या घरात मला भंगार म्हणाले. आधी सगळं ऐका, मग भंगार कोण ते तुम्हीच ठरवा.

माझा जन्म कारखान्यातला. धुळीचा कण येऊ नये म्हणून तिथली माणसं डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली. माझ्यावर चिप बसली, पंखे बसले, तपासणीत पास झालो आणि खोक्यात गेलो. पुढे दुकानात मला जागा मिळाली ती सगळ्यांत खालच्या फळीवर. वरच्या फळीवर माझे थोराड भाऊबंद, अंगभर रंगीत दिवे लावून मिरवणारे. गिऱ्हाइकं माना वर करून त्यांना बघायची आणि चालता चालता मला पाय लावायची.

एक दिवस एक मुलगी आली. बरोबर बाबा आणि थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे तिचे भाऊजी. बाबा दुकानांच्या पाट्या रंगवायचे. जन्मभर ब्रशने अक्षरं काढली, पण एक रेघ वाकडी नाही. आता त्यांची नजर जात चालली होती, आणि गेलेली परत येणार नाही असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. मुलीने त्यांच्या कामाचं खूप चित्रीकरण करून ठेवलं होतं. ते जोडून फिल्म करायची, आणि बाबांना दिसतंय तोवर दाखवायची, एवढाच तिचा ध्यास.

"हे दिवेवालं घे," भाऊजी म्हणाले. "घ्यायचं तर दणक्यात."

"भाऊजी, मला गेम नाही खेळायचे, व्हिडिओ जोडायचेत. मेमरी पुरेशी हवी, आपल्या कॉम्प्युटरच्या डब्यात मावायला हवं आणि खिशाला झेपायला हवं. हे बघा, हे बसतंय."

बाबांनी मला डोळ्यांजवळ धरलं. "आटोपशीर आहे," ते म्हणाले. मी फुलून गेलो.

घरी मला बसवलं भाऊजींनी, कारण त्यांना सगळं येतं! आता त्या डब्याची गंमत ऐका. मुलीला चाचपडावं लागू नये म्हणून बाबांनी पूर्वीच मागच्या प्रत्येक भोकाशेजारी पांढऱ्या रंगात बारीक, देखणी अक्षरं काढली होती. 'माऊस', 'आवाज', 'पडदा'. भाऊजींनी पडद्याची वायर उचलली आणि 'पडदा' लिहिलं होतं तिथे, त्या जुन्याच भोकात खोचली. या घरात बाबांच्या अक्षरावर कोणी शंका घेत नाही. खोचायला हवी होती माझ्या भोकात, पण मी खाली तसाच, नव्या नवरदेवासारखा नटून बसलेला, आणि सगळं काम डब्यातल्या मूळच्या जुन्या, धापा टाकणाऱ्या चिपकडे!

व्हायचं तेच झालं. फिल्म अडखळायची, गोठायची, मध्येच बंद पडायची. मुलगी रडकुंडीला यायची.

"म्हटलं होतं ना मी? स्वस्तातलं भंगार!" भाऊजी येता जाता सुनवायचे.

माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. अरे, वाका की जरा! मागे डोकावा! पण मला तोंड कुठे होतं?

"झालं का गं?" बाबा विचारायचे.

"होतंय, बाबा."

बाबांची खुर्ची दर खेपेला पडद्याच्या थोडी आणखी जवळ यायची. मग एकदा ते बसल्या जागीच राहिले. जवळ सरकून उपयोग नव्हता.

शेवटी वैतागून मुलीने मला काढून टाकायचं ठरवलं. डबा फिरवला, गुडघ्यांवर बसली आणि थबकली. "अगं बाई! याचं तर टोपणसुद्धा कोणी काढलं नाही!" कारखान्यात लावलेलं प्लॅस्टिकचं टोपण माझ्या भोकावर तसंच होतं. तिने ते उपटलं आणि वायर मला जोडली.

त्या दुपारी मी काम केलं, बघण्यासारखं केलं. संध्याकाळी फिल्म तयार. "होतं असं कधी कधी," भाऊजी म्हणाले आणि चहा मागितला. मला भंगार म्हणणारी जीभ एवढंच बोलली!

बाबा पडद्यासमोर बसले. ब्रश रंगाच्या डब्याच्या काठावर निपटल्याचा आवाज आला, त्यांचंच गुणगुणणं आलं. लाल, पिवळा, निळा, एकेक रंग मी जीव ओतून दाखवत होतो. बाबा मान किंचित वाकडी करून ऐकत होते.

"चांगलं दिसतंय का गं?" त्यांनी विचारलं.

मुलीने आवाज थोडा वाढवला.

घोटाळा कसा झाला ते कळल्यावर बाबांनी कॉम्प्युटरचा डबा आपल्याकडे ओढला. मग म्हणाले, "ब्रश दे." बोटांनी माझं भोक चाचपून त्यांनी शेजारी 'पडदा' लिहिलं. अक्षरं उतरली, एकावर एक चढली. जन्मात पहिल्यांदा त्यांची रेघ वाकडी आली, आणि ती माझ्या शेजारी आली.

राग माझा अजून गेलेला नाही, जाणारही नाही. कुणाला भंगार म्हणण्याआधी एकदा वाकून बघत जा रे. आणि ती वाकडी पाटी पुसाल तर खबरदार.