सर्वांत कमी दर

“काका, हा यात बसणार नाही,” विनय म्हणाला.

दिवाणावर वर्तमानपत्र अंथरलेले होते आणि त्यावर नवाकोरा मदरबोर्ड. विनयच्या दोन बोटांत प्रोसेसर होता. चौकोनी, बिस्किटाएवढा, खालून बारीक पिनांनी भरलेला. बोर्डावर मात्र चौकोनी जागाच नव्हती. तिथे एक लांब, अरुंद खाच होती.

पद्माकर साने चष्मा लावून वाकले. “नीट बघ. दोन्ही एकमेकांना चालणारे आहेत. मी विचारून घेतलंय.”

“कोणाला विचारलंत?”

“बोर्डवाल्याला. तो म्हणाला, या कंपनीचा प्रोसेसर चालेल.”

“चालेलच. पण खाचेत उभा राहतो तो. तुम्ही आणलात तो आडवा बसणारा. आणि हे कॅबिनेट पण जुन्या पद्धतीचं आहे, काका. बोर्डाची भोकं इथे येतात, स्क्रू तिथे. पॉवरची पिनसुद्धा वेगळी.”

“मग जुळतंय तरी काय?” स्वयंपाकघराच्या दारातून सुमित्राबाईंनी विचारले.

“मॉनिटर जुळेल, काकू.”

“चला. निदान तोंड तरी आहे म्हणायचं.”

त्यांची मुलगी वल्लरी खाली सतरंजीवर आपल्या लेकीची वेणी घालत होती. वेणी झाल्यावर तिने ती सोडली आणि पुन्हा घालायला घेतली.

विनय दिल्लीच्या महाराष्ट्र मंडळातल्या ओळखीच्यांचा मुलगा. नोएडातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत इंजिनिअर होता, मयूर विहारमध्ये राहायचा. शनिवारी दुपारच्या पाळीला जाण्याआधी संगणक जोडून द्यायचा म्हणून तो सकाळीच स्कूटरवरून सरोजिनी नगरला आला होता.

“बत्राकडे नाही गेलात?” त्याने विचारले. “मी म्हटलं होतं, सगळं त्याच्याकडूनच घ्या म्हणून.”

“गेलो होतो की. त्याचं कोटेशन घेतलं. प्रोसेसरमध्ये तो दुसरा आला, बोर्डात तिसरा, कॅबिनेटमध्ये दुसरा. रॅममध्ये तो सर्वांत कमी होता. रॅम त्याच्याकडूनच घेतली.”

विनयने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. “म्हणजे तुम्ही एकेका पार्टचं टेंडर काढलंत?”

“टेंडर कसलं. तोंडीच. पण तीन-तीन ठिकाणी विचारलं.”

विनयला हसू आले होते, पण वल्लरीकडे लक्ष गेल्यावर ते राहिले.

पद्माकर साने एका मंत्रालयाच्या खरेदी विभागात सेक्शन ऑफिसर होते. खुर्च्या, कूलर, फिनाइल, पडद्यांचे कापड, शाईच्या बाटल्या असे सगळे त्यांच्या सहीने येत असे. प्रत्येक वस्तूचे नेमके वर्णन, तीन कोटेशने आणि सर्वांत कमी दराला ऑर्डर. एखाद्या विभागाने ‘सर्व सामान एकाच पुरवठादाराकडून घ्यावे’ असे लिहून पाठवले, तर ते समासात ‘कारण?’ एवढेच लिहून फाइल परत करत. ऑडिटच्या माणसांना त्यांच्या टेबलावर कधी काही सापडले नव्हते. खुर्ची एकाकडून आणि टेबल दुसऱ्याकडून घेतले म्हणून कुणाचे काम अडलेही नव्हते.

मार्चमध्ये वल्लरी इंदूरच्या सासरहून चार वर्षांच्या स्वरूपाला घेऊन आली, ती परत जाण्याचे तिकीट न काढता. पहिल्या दिवशी सुमित्राबाईंनी तिला विचारले होते. “पितो का?” “नाही.” “हात उचलतो?” “नाही.” “मग?” यावर वल्लरीला काही सांगता आले नाही. पद्माकरांनी काही विचारले नाही.

मग तिने जाहिरात पाहिली. अमेरिकेतले डॉक्टर रुग्णांची माहिती बोलून ठेवतात, ती ऐकून टाइप करायची. नोएडातल्या एका कंपनीचे प्रशिक्षण तिने पुरे केले, परीक्षा दिली, पास झाली. स्वरूपाला सोडून रोज नोएडाला जाणे जमणार नव्हते, पण कंपनी घरून करायला थोड्याजणींना काम देत होती. अट एकच, संगणक स्वतःचा हवा. सोमवारी कंपनीचा माणूस घरी येऊन तो बघणार होता. संगणक चालू नसला, तर तिची जागा यादीतल्या पुढच्या बाईला जाणार होती.

त्याच आठवड्यात इंदूरहून वल्लरीच्या सासऱ्यांचा फोन आला होता. “झालं गेलं विसरू या, व्याही. पाठवून द्या आता.” पद्माकर “विचारतो तिला” म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. तिला मात्र काहीच विचारले नाही. दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून ते नेहरू प्लेसला गेले. तिथल्या संगणकाच्या दुकानांतून ते आणखीही दोनदा फिरले.

“उद्या रविवार,” विनय म्हणाला. “नेहरू प्लेस बंद. जे काय करायचं ते आजच.”

“मी जाऊन बदलून आणतो.”

“मी येते,” वल्लरी म्हणाली.

“तू कशाला उन्हात?”

“मशीन माझ्यासाठी आहे ना, बाबा?”

ऑटोत कॅबिनेट पद्माकरांनी मांडीवर घेतले. ते इतके मोठे होते की त्यांना समोरचे काही दिसत नव्हते. बाकीचे सामान वल्लरीच्या पिशवीत होते. मूलचंदच्या सिग्नलला लूचा तापलेला वारा आत येत होता.

बोर्डवाल्याचे दुकान पहिल्या मजल्यावर, जिन्याला लागून होते. त्याने बिल पाहिले, बोर्ड उलटसुलट केला.

“साहब, आपने जो लिखवाया था, वही दिया है ना?”

“हाँ, वही दिया है.”

“पीस खराब है?”

“खराब नहीं है.”

“फिर?”

ऑफिसात कुणी पसंत नाही म्हणून माल परत करायला आले, तर पद्माकरही हेच तीन प्रश्न विचारत. त्यांनी बोर्ड पुन्हा पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवला आणि झाकण नीट लावले.

कॅबिनेटवाल्याने तोंडाने उत्तरसुद्धा दिले नाही. ‘बिका हुआ माल वापस नहीं होगा’ या पाटीकडे हनुवटी केली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलू लागला.

“ग्राहक मंचात तक्रार करता येते,” बाहेर आल्यावर पद्माकर म्हणाले. “सगळी बिलं आहेत आपल्याकडे.”

“सोमवारच्या आत तारीख लागेल का, बाबा?”

त्यांनी कॅबिनेट सावरून धरले. मग तीच म्हणाली, “बत्राचं दुकान कुठलं?”

बत्रा काउंटरमागे बसून राजमा-चावल खात होता. मोठ्या अंगाचा, केसांना मेंदी लावणारा. त्याने पद्माकरांना ओळखले.

“आइए, आइए अंकल जी. खुल गया आपका टेंडर?”

पद्माकरांनी कॅबिनेट खाली ठेवले आणि रुमालाने मान पुसली. उत्तर वल्लरीने दिले.

“खुल गया भैया, और फँस भी गया. प्रोसेसर, रैम, हार्ड डिस्क हमारे पास है. इन पर चलनेवाला बोर्ड दीजिए, कैबिनेट दीजिए, साउंड कार्ड लगाइए, और यहीं चालू करके दिखाइए. ये बोर्ड और ये डिब्बा आप रख लीजिए.”

“मैं इसका अचार डालूँगा?”

“डाल लीजिए. नहीं तो कल कोई और अंकल आ जाएँगे, जिनके पास दूसरावाला प्रोसेसर होगा.”

बत्रा हसला, तेव्हा त्याचा घास अडकला. पाणी पिऊन त्याने हात पुसले, बोर्ड पाहिला, कॅबिनेटवर टिचकी मारली आणि परतीचा भाव सांगितला. तो खरेदीच्या किमतीच्या निम्माही नव्हता.

“एक मिनिट,” पद्माकर मराठीत म्हणाले. “मी शेजारच्या दोन दुकानांत विचारून येतो.”

“नको, बाबा.”

“पाच मिनिटं लागतील. हा सरळ सरळ लुटतोय.”

“लुटू दे.”

“अगं, पण न विचारता...”

“तीन ठिकाणी विचारूनच हे झालंय.”

तिने आवाज चढवला नव्हता. बत्राला मराठी येत नव्हते, पण त्याने डब्याचे झाकण लावायचे थांबवून दोघांकडे पाहिले.

पद्माकर दुकानातून बाहेर आले आणि दाराशी टांगलेले दरपत्रक वाचत उभे राहिले. त्यात प्रत्येक वस्तूपुढे किंमत होती. ते पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत गेले आणि पुन्हा वरून सुरू केले. आत बत्राच्या कारागिराने बोर्ड बसवला, तारा जोडल्या. वल्लरी त्याला विचारत होती. हे काय, हे कशाला, हे निघालं तर कुठे लावायचं. तो सांगत होता आणि ती पुन्हा म्हणून दाखवत होती. पहिल्यांदा पडदा काळाच राहिला. कारागिराने रॅम काढून फुंकर मारली, दाबून बसवली. मग एक छोटी शिट्टी वाजली आणि काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे सरकू लागली.

“लो जी, हो गया पैदा,” बत्रा म्हणाला आणि बिलाचे पुस्तक ओढले. “बिल किस नाम से?”

पद्माकर सवयीने आत आले आणि त्यांनी खिशातले पेन काढले.

“वल्लरी पद्माकर साने,” वल्लरी म्हणाली.

“पद्माकर जी हस्बैंड हैं आपके?”

“फादर.”

बत्राने लिहिले. लग्नात इंदूरला तांदळाच्या ताटात अंगठीने दुसरेच नाव लिहिले गेले होते. बारावीच्या गुणपत्रिकेनंतर हे नाव पद्माकरांनी कुठे पाहिले-ऐकले नव्हते. त्यांनी पेन खिशात ठेवले आणि कॅबिनेट उचलायला वाकले.

“राहू दे, बाबा. ते जड आहे.”

“मॉनिटर घरी आहे. याला काय जड?” ते म्हणाले आणि त्यांनी ते उचलले.

सोमवारी कंपनीचा माणूस आला. त्याने संगणक चालू केला, हेडफोन लावून आवाज ऐकला, पायाने दाबायचे पेडल जोडले, सुमित्राबाईंनी दिलेले पन्हे प्यायला आणि सह्या घेऊन गेला. जाताना त्याने डॉक्टरांच्या आवाजाची पहिली सीडी टेबलावर ठेवली.

पुढच्या रविवारी दुपारी वल्लरी आतल्या खोलीत दार लोटून काम करत होती. सुमित्राबाई मंडळाच्या बैठकीला गेल्या होत्या. बाहेर दिवाणावर स्वरूपा झोपली होती आणि खिडकीतला कूलर धडधडत होता. पद्माकर पेपर वाचत होते. आतून टाइप करण्याचा आवाज येई, थांबे, मग हेडफोनमधून कुणी तरी घोगरे बोलल्यासारखे बारीक ऐकू येई. पुन्हा तेच, पुन्हा तेच. एकच वाक्य ती मागे नेऊन ऐकत होती.

दार थोडे उघडले. “बाबा, हा डॉक्टर तोंडात काहीतरी धरून बोलतो. काही कळत नाहीये यार.” ती त्यांच्याशी बोलत होती की स्वतःशीच, ते ठरवायच्या आत दार लोटले गेले.

पद्माकर उठले. त्यांनी कूलर बंद केला. खोलीत एकदम शांतता झाली आणि तिच्या पाठोपाठ उकाडा आला. स्वरूपा झोपेत चुळबुळली.

“आबा, गर्मी,” ती डोळे न उघडता म्हणाली.

“हो गं. झोप.”

वीज जायची म्हणून हातपंखा नेहमी फ्रिजवर असे. तो घेऊन ते तिच्या उशाशी बसले. एवढ्यात फोन वाजला. दुसरी घंटा होण्याआधी त्यांनी तो उचलला.

इंदूरचा होता. सासरे मोठ्याने बोलत होते. मुलीला सुट्ट्या आहेत, आंबे आले आहेत, मग कधी पाठवताय?

“ती कामावर आहे,” पद्माकर हळू आवाजात म्हणाले.

“कामावर? आज रविवार आहे, व्याही. घरी नाही का?”

“घरीच आहे. कामावर आहे.”

पलीकडून आणखी काही विचारले गेले. “नाही, मी नाही पाठवत,” ते म्हणाले. “तिला विचारायचं असेल तर संध्याकाळी सहानंतर करा. ती काय ते सांगेल.”

त्यांनी रिसीव्हर आवाज न होऊ देता ठेवला. बनियन पाठीला चिकटला होता. ते पुन्हा नातीच्या उशाशी बसले आणि पंखा हलवू लागले. आत घोगरा आवाज एकदा ऐकू आला, पुन्हा एकदा ऐकू आला, आणि मग टाइप करण्याचा आवाज सुरू झाला. या वेळी तो बराच वेळ थांबला नाही.