टॉर्मोदचा पट्टा

"विजारीचं माप सांगू नका. किल्ट नेसा, श्वास सोडा, मग बेंबीवरून टेप फिरवा." माझा भाऊ टॉर्मोद गावच्या वाद्यपथकात येणाऱ्या प्रत्येक नवख्याला हे बजावायचा. आणि त्याच्याच बायकोने स्वतःसाठी पट्टा मागवताना विजारीचं माप कळवलं होतं.

गावच्या वार्षिक खेळांच्या दिवशी सकाळी एफीवहिनी स्वयंपाकघरात किल्ट, पथकाचा तो चौकड्यांचा, निऱ्यांचा घागरा, नेसून उभी होती. नव्या पट्ट्याची दोन टोकं तिच्या पोटावर एकमेकांकडे नुसती बघत होती.

"श्वास आत ओढ," मी म्हटलं.

"ओढलाय. आणखी ओढला तर ढोल तुलाच वाजवावा लागेल, पेगी."

"मागच्या निऱ्यांचं जाड कापड कोण धरणार मापात?"

"तुझा भाऊ धरायचा. मी बटाटे धरायचे."

खरंच होतं ते. वहिनीचा जन्म शाळेच्या स्वयंपाकघरात बटाटे उकडण्यात गेला. दर उन्हाळ्यात ती नवऱ्याचा ढोल गाडीत चढवायची, बकल घासून लख्ख करायची, आणि कुणी नसताना मागच्या पडवीत ठोके शिकायची. टॉर्मोदला ते ठाऊक होतं. फेब्रुवारीत, इस्पितळात, जाण्याआधी तो तिला म्हणाला होता, "खेळांच्या दिवशी ढोल खुंटीवर राहू देऊ नकोस."

"नाही राहणार," वहिनी म्हणाली होती.

पथकप्रमुख फिनलेने तिचे ठोके ऐकले आणि तिला लगेच पथकात घेतलं. अट एकच, सगळ्यांना असते तीच: पट्टा नीट नसेल तर रांगेत जागा नाही. पथक चर्चपासून मैदानाकडे वाजत निघायला आता फार वेळ नव्हता.

मी टॉर्मोदचा पट्टा आणला. तळव्याएवढा रुंद, काळ्या कातड्याचा. एका टोकाला बकलाची आकडी अडकते. दुसरं टोक बकलातून घालून आत दुमडायचं आणि आतल्या चिकटपट्टीवर, म्हणजे वेल्क्रोवर, दाबायचं. जेवढं जास्त दुमडाल तेवढा पट्टा आखूड. आम्ही चिकटपट्टी संपेपर्यंत दुमडलं. तरी तो तिच्या कमरेवरून घसरून खाली आला.

"काप," वहिनी म्हणाली.

"टॉर्मोदचा आहे गं."

"मग विचार त्याला. तो म्हणेल, एफी, तू लापशी जास्त खा."

मी पट्टा उलटा धरला, आणि आतल्या बाजूच्या घड्या दिसल्या. सर्वांत खोल दुमडलेली, जुनी, लग्नातली. मग वर्षागणिक टोकाकडे सरकत गेलेल्या, पोट सुटल्याच्या. आणि पुन्हा लग्नातल्या घडीला जवळजवळ खेटून एक ताजी घडी. गेल्या उन्हाळ्यातली.

वहिनीने तिच्यावर अंगठा फिरवला. "मला म्हणाला, कातडं सैल पडलंय. मी खरं मानलं."

 मग तिने टेबलावरचा नवा पट्टा उचलला. "ह्याची चिकटपट्टी उसव आणि लग्नाच्या घडीच्या पलीकडे शिव. मी नवरदेवापेक्षा बारीक आहे म्हणावं."

मी टोचा आणि मेणाचा दोरा काढला. माझी सकाळची जपमाळ राहिली होती, म्हणून टाक्यागणिक 'नमो मरिये' म्हणत होते.

"देवमातेला सांग, जरा घाई आहे," वहिनी एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होती. गालांवर लाली चढली होती, पोरीसारखी.

बाहेर फिनलेच्या गाडीचा भोंगा वाजला. "एफी, येतेस की पुढच्या वर्षी?"

"ढोलाशिवाय जाऊन दाखव," ती खिडकीतून म्हणाली.

शेवटची गाठ मारली. वहिनीने पट्टा कमरेला घेतला, आकडी बसवली, टोक खोल दुमडून दाबलं. बकल बरोबर मध्यावर आलं.

"श्वास?" मी विचारलं.

"येतोय. चांगला येतोय."

तिने खुंटीवरून ढोल उतरवला आणि खांद्याला अडकवला. फिनलेने गाडीचं दार उघडलं, पण तिने मान हलवली. जवळच तर आहे, चालत येते. मग ती दगडी कुंपणाच्या कडेने चर्चकडे निघाली. समुद्रावरून वारा येत होता. रांगेत उभी राहण्याआधी वाऱ्याने ढोल वाजू नये म्हणून तिने त्याच्या कातड्यावर तळहात सपाट ठेवला होता.