पिवळ्या बाबांचं फडकं

धुलाईघराच्या दारात सकाळी सकाळी एवढी गर्दी उसळली, की धुणं टाकायला आलेल्यांनाही आत शिरता येईना. आत पिवळे बाबा बारकीचे हात तपासत होते. कफनी पिवळी, उपरणं पिवळं, हातातलं फडकं पिवळं. दात तेवढे त्यांनी स्वतःच्या हिमतीवर पिवळे केले होते. बारकीच्या आईनेच त्यांना बोलावून आणलं होतं.

बाबांनी आधी इस्त्रीवाल्या काकांचे हात तांब्यातल्या पाण्याने धुतले आणि फडक्याला पुसले. फडकं पिवळंच राहिलं. मग झोळीतून दुसरा तांब्या निघाला. त्या पाण्याने बारकीचे हात धुतले, पुसले, आणि फडकं लालभडक झालं!

"रक्त!" कुणीतरी किंचाळलं.

"रक्तच!" बाबा गरजले. "आत बाई बसलीय, सात जन्मांची उपाशी. गोळ्या देता ना पोरीला? पोरीला त्या मिळतातच कुठं, ही आतली बाईच खाते आणि माजते! आजपासून गोळ्या बंद. पोर आमच्या मठात सोडा. साखळी आमची, काळजी आमची."

दोन वर्षांपूर्वी बारकीच्या कानात आवाज यायला लागले, तेव्हा ती दिवसदिवस मोरीत लपून बसायची. मग दर आठवड्याला गल्लीत येणाऱ्या नर्सबाईंनी डॉक्टरांकडून औषध सुरू करवलं, आणि बाकीचा भार गल्लीने उचलला. सकाळी नऊला काका पाण्याचा पेला घेऊन उभे, गोळी घशाखाली जाईपर्यंत हलायचे नाहीत. शेजारची मावशी तिच्याशी बोलत बोलत तिला कामावर आणायची. इथे बारकीचा स्वतःचा टप होता, त्यावर तिचं नाव होतं. ते सगळं आता एका फडक्यापायी चाललं होतं.

तेवढ्यात कानात जुना आवाज कुजबुजला, ‘लबाड आहे मेला!’

आवाज मनासारखं बोलला तरी बारकी त्याच्यावर विसंबत नसे. नर्सबाईंचा दंडकच होता: काही ऐकलंस, की आधी दोन माणसांना विचार, मग विश्वास ठेव. मागे दूधवाला आपल्याला शिव्या देतोय असं वाटलं, तेव्हाही तिने दोघांना विचारलं होतं. तो बिचारा गात होता.

तिने फडकं नाकाशी नेलं. वास रोजचाच, हळदीचा. खाणावळीच्या टेबलांवरच्या चादरी तिच्याच टपात यायच्या.

"मावशी, हळदीच्या डागाला धुण्याचा सोडा लागला की काय होतं गं?"

"काय व्हायचंय? लाल होतो," मावशी म्हणाली, आणि तिचा आ तसाच राहिला.

"काका, तुम्ही सांगा."

"लालच की. परवा माझा सदरा..." काकांनी फडक्याकडे पाहिलं. "अरेच्चा!"

मावशीने दुसऱ्या तांब्यात बोट बुडवून चोळलं. "बुळबुळीत! सोड्याचंच पाणी आहे हे."

दोन साक्षी झाल्या. बारकीने बाबांच्या खांद्यावरचं उपरणं ओढलं आणि सोड्याच्या टपात बुचकळलं. वर आलं ते लालबुंद.

"अगंबाई! बाबा, तुम्हालाही झपाटलंय. माझं नुसतं फडकंभर, तुमचं अख्खं उपरणं!"

गर्दीत हशा पिकला.

"घाबरू नका हं, उतरवते." तिने डाग काढायचं लिंबू उपरण्याच्या कोपऱ्यावर पिळलं. कोपरा पुन्हा पिवळा. "गेली बाई. अर्ध्या लिंबात गेली."

आता कफनीचीही पाळी येणार, हे ओळखून बाबांनी पोबारा केला. तांबे इथेच राहिले.

आई रडायलाच लागली. "तुला त्याच्या हवाली करत होते गं मी!"

"आवाज येतात मला, आई. अजून येतात कधी कधी," बारकी म्हणाली. "तो आजार आहे. त्याला औषध लागतं आणि माणसं लागतात. साखळीने काय होणार?"

गल्ली खाली मान घालून उभी राहिली. घरोघरी हळद, घरोघरी सोडा, जन्मभर असले डाग धुतलेले. पण बाबा गरजले आणि एकालाही आपलं धुणं आठवलं नाही. जिला सगळे वेडी म्हणत होते, तिने दोघांना विचारलं. आपण शहाणी माणसं, आपण कुणालाच विचारलं नाही. तेव्हा बाबांनो, बायांनो, पुढच्या वेळी कुणी चमत्कार दाखवला, तर आपलं माणूस त्याच्या हाती देण्याआधी निदान दोघांना विचारा.

"नऊ वाजून गेले की!" काका ओरडले.

आज पेला आईने आणला. बारकीने सगळ्यांदेखत गोळी गिळली, पेला परत दिला आणि बाह्या वर सारल्या.

"चला, सरका आता. चादरी पडल्यात."